वैद्यापुढें झांकलेली मूठ

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें आपण म्हणतों. घरची अडचण चारचौघांत उघडी करूं नये, हें शहाणपण त्या म्हणींत आहे, आणि पुष्कळ प्रसंगीं तें योग्यही ठरतें. परंतु रोगी वैद्यापुढें बसतो, तेव्हांही त्यानें ती मूठ झांकूनच ठेवावी काय? मौन हें नेहमींच निर्दोष असतें काय? या प्रश्नाचा वाचकांनीं आज आमच्याबरोबर विचार करावा, अशी आमची विनंति आहे. मूत्रपिंडाच्या विकाराचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों. कारण त्यांत उपचार वर्षानुवर्षें चालतात, आणि रोगी व डॉक्टर यांस एकमेकांच्या शब्दावर पुष्कळ विसंबावें लागतें.

सिडकोची स्थापना १९७० सालीं झाली, आणि जेथें भातशेतें व मिठागरें होतीं तेथें नवी मुंबई उभी राहिली. वाशी, नेरूळ, कामोठें येथें मोठीं रुग्णालयें झालीं. २०२४ च्या जानेवारींत आगगाडी उरणपर्यंत पोहोंचली, आणि तिकडील खेड्यांतल्या रोग्यांची वाट सोपी झाली. परंतु रोग्याची खुर्ची व डॉक्टरांचें मेज यांमधील दोन हातांचें अंतर कोणतीही आगगाडी तोडूं शकत नाहीं. तें खऱ्या बोलण्यानेंच तुटतें.

ज्याचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, त्याचें रक्त यंत्रानें शुद्ध करितात. यास डायालिसिस म्हणतात. तें बहुधा आठवड्यांतून ३ वेळां, प्रत्येक वेळीं सुमारें ४ तास चालतें. अंगांत सांचलेलें किती पाणी काढावयाचें, हें मुख्यतः वजनावरून ठरवितात. आतां असें समजा कीं, अन्न जाईनासें होऊन रोग्याचें मांस झडलें, आणि तितकेंच पाणी अंगांत राहिलें. कांटा पूर्वीचाच आंकडा दाखवील! अशा वेळीं ‘रात्रीं आडवें झालें कीं श्वास कोंडतो, पायांस सूज येते, जेवण जात नाहीं,’ एवढें रोगी बोलला, तर चूक लवकर ध्यानांत येते. जें कांट्यास कळत नाहीं तें रोग्यास ठाऊक असतें.

मग तो गप्प कां राहतो? पहिलें कारण भय. सांधे दुखले म्हणून त्यानें दुकानांतून गोळी आणलेली असते, आणि अशा पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडास अपाय करितात. कोणीं दिलेली मुळ्यांची पूड खाल्लेली असते. सुकट व लोणचें यांच्या मिठानें तहान वाढून तो पाणी अधिक प्यालेला असतो. शक्ति यावी म्हणून त्यानें शहाळें घेतलेलें असतें. परंतु त्यांतील पोटॅशियम अशा रोग्याच्या हृदयास घातक होऊं शकतें. डॉक्टर रागावतील म्हणून तो ‘पथ्य पाळतों’ असें सांगतो. दुसरें कारण आदर. साहेब शिकलेले, आपण अडाणी, म्हणून न समजतांही तो मान डोलावितो. तिसरें कारण लाज. भाड्यास पैसे नव्हते म्हणून एक पाळी चुकली, हें त्याच्यानें सांगवत नाहीं.

यांपैकीं कोणासही आम्ही लबाड म्हणणार नाहीं. तथापि मान डोलावणें हीही एक भाषा आहे. न समजलेल्या गोष्टीस मान डोलावणें म्हणजे ‘समजलें’ असें खोटें सांगणेंच होय, आणि त्यावर विसंबून डॉक्टर पुढील औषध ठरवितात. आपलें अज्ञान झांकणें ही नम्रता नव्हे; तें कबूल करणें ही नम्रता होय. ‘डॉक्टरसाहेब, मला समजलें नाहीं, पुन्हां सांगा,’ असें म्हणण्यांत उद्धटपणा मुळींच नाहीं.

परंतु सर्व भार रोग्यावर टाकणें अन्यायाचें होईल. बाहेर रांग असते, डॉक्टर थकलेले असतात, हें खरें. तरी खरें सांगणाऱ्यावर जो ओरडतो, तो त्यास पुढच्या खेपेस खोटें बोलण्यास शिकवितो. रोग्यानें मागितल्यास त्याच्या उपचारांचे कागद ७२ तासांच्या आंत द्यावे, असा डॉक्टरांच्या वर्तनाविषयींचा २००२ चा नियम आहे. अर्थात् माहिती देणें हा उपकार नसून कर्तव्य आहे.

घरच्यांचाही एक दोष येथें सांगितला पाहिजे. ‘बाबांना कांहीं सांगूं नका,’ असें मुलगा डॉक्टरांच्या कानांत सांगतो. हें प्रेमानेंच होतें, यांत शंका नाहीं. परंतु यंत्रावर जावें, घरींच पोटावाटे डायालिसिस करावें, मूत्रपिंडाचें रोपण करावें, कीं यंत्र न लावतां केवळ त्रास कमी करणारे उपचार घ्यावे, हा निर्णय ज्याच्या देहाचा, त्यालाच अंधारांत ठेवून कसा घेतां येईल? ‘मला नको, मुलास सांगा,’ असें रोगी स्वतः म्हणाला तर गोष्ट निराळी. तो त्याचा अधिकार आहे.

गांवांतील जे बंधुभगिनी लिहितेवाचते आहेत, त्यांस आमची एक सूचना आहे. रोग्याबरोबर जा. आदल्या रात्रीं घेतलेलें प्रत्येक औषध, झाडपाल्याचें सुद्धां, कागदावर लिहा, व तीन प्रश्न लिहा. डॉक्टरांनीं सांगितलेलें रोग्यास आपल्या शब्दांत त्यांच्यासमोरच पुन्हां म्हणावयास लावा. पैशांची अडचण असल्यास तीही सांगा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंत डायालिसिसचा समावेश आहे, पण न विचारणाऱ्यास ती वाट कोण दाखविणार? बाजारांत मूठ खुशाल झांकलेली असूं द्या. डॉक्टरांच्या मेजावर मात्र ती उघडा.