बाकावर शेजारी कोण?

एचआयव्ही असलेलं मूल तपासायला आलं की एकावर एक दोन हातमोजे चढतात आणि केसपेपरवर लाल शाईची खूण उमटते. आकडे पाहिले तर ही लगबग चमत्कारिक वाटते. एचआयव्हीबाधिताची सुई चुकून टोचली, तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस-बीची लस न घेतलेल्याला त्या आजाराच्या रुग्णाची सुई टोचली, तर ती शंभरात तीसपर्यंतही जाते. शिवाय एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या गोळ्या आहेत. आणि कुणाच्या रक्तात काय आहे हे बघून कळत नाही, म्हणूनच नियम असा, की प्रत्येकाचंच रक्त जोखमीचं समजायचं. मग लाल खूण कशाला? २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर असा भेदभाव करायलाच मनाई केली आहे.

खरा धोका त्या मुलालाच आहे, आणि तो बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. क्षयाचा खोकला अंगावर काढत आलेला एखादा माणूस, किंवा ताप भरलेलं शेजारचं पोर. २०२२ च्या अखेरीस मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली. दोन्ही गावं आमच्या बऱ्हाणपूरसारखीच यंत्रमागांची, दाट वस्तीची. गोवराचा रुग्ण उठून गेला तरी विषाणू त्या खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाच्या अंगावर कधीकधी पुरळही उठत नाही. मग गोवर ओळखायचा कशावरून?

उपाय अगदी साधे आहेत. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या. खोकणाऱ्याला मास्क द्यायचा, वेगळं बसवायचं आणि आधी तपासून मोकळं करायचं. वेगळा बसवायचा तो खोकला, एचआयव्ही नव्हे. बऱ्हाणपूरएवढ्या गावात ‘त्या’ मुलांची खोली वेगळी केली, तर दारावर पाटी लावायचीही गरज उरणार नाही.

गोवराची लस या मुलांनाही देतात, पण प्रतिकारशक्ती फारच ढासळली असेल तर थांबावं लागतं, कारण ती जिवंत विषाणूची असते. तोवर त्या मुलाची राखण भावंडांच्या दंडावर. त्यांचा नऊ महिन्यांचा डोस झालाय का, दीड वर्षाच्या सुमाराचा दुसरा राहिला तर नाही ना, हे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी सेंटरवर आईला जरूर विचारावं. भावंडांची लसीकरणाची कार्डं बहुधा घरीच राहिलेली असतात.