चालू कंडिशन

घेताना माणसाची नीती एक असते आणि विकताना दुसरी, हे वीस वर्षं बँकेत काढूनही मला उमगलं नव्हतं. ते एका सेकंडहँड टेबल-करवतीने शिकवलं.

हौशी सुतारकामासाठी ती मी एका बंद पडलेल्या गाळ्यातून घेतली. मालक म्हणाला, "साहेब, एकदम चालू कंडिशन!" यात चालू करवत होती की मालक, ते घरी आणल्यावर कळलं. बटण दाबलं की करवत चालायची. तिच्यासोबत टेबलही चालायचं. मग सुधारणा सुरू झाल्या. नवा पट्टा, चाळीस दाती कार्बाइडचं पातं, पात्याला समांतर राहील असं गाईड. मूळ किमतीइतकाच खर्च वर झाला. बी.कॉम.ला आम्हाला घसारा शिकवला होता. जुनी वस्तू दर महिन्याला महाग होत जाते, हा प्रकार अभ्यासक्रमात नव्हता.

राहिलं फक्त पात्यावरचं झाकण आणि पात्यामागची पोलादी पट्टी. चिरलेलं लाकूड मिटून पात्याला आवळू नये म्हणून ती पट्टी असते. आवळलंच, तर मागचे दात फळी उचलून आपल्या अंगावर फेकतात. मी हिशेब केला: दहा इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर! हिशेब चोख झाला, पट्टी मात्र राहूनच गेली. फळीची कड गुळगुळीत यावी म्हणून मी पैसे मोजले, बोटांसाठी नाही. कड पाहुण्यांना दाखवता येते. शाबूत बोटांचं कौतुक कोण करतं?

परवा मोठी करवत घ्यायचं ठरलं आणि जुनीला गिऱ्हाईक आलं. पलीकडच्या इमारतीतला मुलगा.

"काका, काही प्रॉब्लेम नाही ना?"

"एकदम चालू..." इथपर्यंत आलं होतं माझ्या ओठांवर. शिवाय १९३० चा मालविक्री कायदा पाठीशी होता. कलम १६, 'गिऱ्हाइकाने सावध असावे', पाच मार्कांना पाठ केलेलं. पण कशापासून सावध राहायचं हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने सावध राहायचं तरी कसं? आधीचा मालक गप्प बसला होता. मीही गप्प बसलो असतो, तर करवतीबरोबर ते गप्प बसणंही पुढच्याच्या गळ्यात मारलं असतं. आणि त्याला घसारा लागत नाही.

सगळं सांगून टाकलं. पोराने तिथल्या तिथे दीड हजार कमी केले.

"अहो, कशाला बोललात?" ही म्हणाली.

म्हटलं, "दहा बोटं वाचली. दीडशे रुपयाला एक. महाग नाही पडली."