वचन आणि अंदाज

‘वचन’ आणि ‘अंदाज’ या दोन शब्दांत अंतर किती, हा प्रश्न कधी आपल्याला छळील असे मला वाटले नव्हते. तो नीतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा प्रांत. मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा साधा मनुष्य. पुण्यात, कोथरूडला, दोन खोल्यांत आमची सात जणांची कंपनी आहे. अशा कंपनीला हल्ली ‘स्टार्टअप’ म्हणतात. भांडवल थोडे आणि उमेद फार, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या धंद्यात ‘अ‍ॅजाइल’ नावाची कामाची रीत रूढ आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात, स्नोबर्ड या डोंगरातल्या ठिकाणी १७ जण जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा काढला. आधी सगळा आराखडा, मग जाडजूड दस्तऐवज, मग करारावरून हुज्जत, आणि शेवटी कोणालाच नको असलेला प्रोग्रॅम, या रहाटगाडग्याला ते विटले होते. आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. (आराखड्याला काहीच मोल नाही, असे मात्र त्यांनी म्हटले नव्हते. पण एवढे शेवटपर्यंत वाचतो कोण!) त्याच कुळातली ‘स्क्रम’ ही पद्धत आम्ही पाळतो. दोन आठवड्यांचा एक ‘स्प्रिंट’. आरंभी किती काम होईल ते ठरवायचे, रोज पंधरा मिनिटे जमून कोठे अडले ते सांगायचे, शेवटी झालेले काम दाखवायचे.

श्वाबर आणि सदरलंड या जोडीने या पद्धतीची एक मार्गदर्शिका लिहिली आहे. तिच्यात २०११ साली एक शब्द बदलला. तोवर मंडळी स्प्रिंटच्या कामाला बांधील होत असत. तेव्हापासून ती केवळ अंदाज वर्तवू लागली. मला हा बदल प्रामाणिक वाटला होता आणि अजूनही वाटतो. राजा हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेले वचन पाळले, याचे आपण कौतुक करतो. पण त्या वचनापायी विकली गेली ती तारामती आणि रोहिदास. मालकाने ग्राहकाला तारीख द्यावी आणि ती पाळण्यासाठी बावीस वर्षांच्या पोरांनी रात्री जागवाव्यात, हा प्रकार मी एका मोठ्या कंपनीत पुष्कळ वर्षे पाहिला आहे. तेथे ‘वचन’ हा शब्द चाबकासारखा वापरला जाई. तो गेला ते बरेच झाले.

पण मग मावशींचे प्रकरण घडले.

या मावशी हडपसरला डबे करतात. रोजचे ८० डबे. कोणाचा खाडा किती, महिनाअखेर कोणाकडून किती घ्यायचे, हे सारे त्या एका वहीत मांडत. आम्ही ते त्यांना फोनवर करून दिले. एकच गोष्ट राहिली होती. बटण दाबले की पूर्ण दिवसाचा खाडा लागे. नुसता रात्रीचा डबा नको असेल तर तो वेगळा धरण्याची सोय नव्हती. स्प्रिंटच्या पहिल्या सोमवारी मी त्यांना म्हणालो, “उद्या-परवा होईल, मावशी.” त्यांनी वही फळीवर ठेवून दिली.

मंगळवारी सकाळच्या पंधरा मिनिटांत आमचा एक तरुण सहकारी म्हणाला की हे वाटले तितके सोपे नाही. आम्ही रीतसर चर्चा केली, चिठ्ठी फळ्यावरून काढून पुढच्या स्प्रिंटमध्ये लावली आणि चहा घेतला. बदलाला सामोरे गेलो! मावशींना हे कळले ते दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी, काम दाखवण्याच्या वेळी. मधल्या दिवसांत त्या विश्वासाने बटण दाबत होत्या. महिनाअखेर त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला विचारून बिले केली, आणि ज्याने जे सांगितले ते मानून घेतले.

मी त्यांना समजावू लागलो, की आम्ही सांगतो तो अंदाज असतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “अंदाज चुकायचाच, भाऊ. भाताचा माझाही चुकतो. पण मंगळवारी सांगितलं असतंत, तर मी बुधवारी वही काढली असती.”

यावर मला उत्तर सुचले नाही. हवामानखात्याचा अंदाज आणि माझा अंदाज यांत फरक आहे. पाऊस पाडणे त्या खात्याच्या हाती नसते. माझ्या अंदाजातले अज्ञान खरे होते, पण ते सोमवारी. मंगळवारी ते अज्ञान उरले नव्हते. त्यानंतरच्या दहा दिवसांना अंदाज म्हणण्याचा मला काय अधिकार? मोठ्या कंपनीत निदान मध्ये चार खाती असतात. कोणी कोणाला सांगायचे यातच दोष विरून जातो. येथे मावशींचा नंबर माझ्याच फोनमध्ये होता. लपवण्याचा हेतू नव्हता, हेही खरे. सांगायचे सुचलेच नाही. पण हे न सुचणे हेतूपेक्षा कमी वाईट आहे का, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

स्प्रिंटच्या शेवटी मागे वळून पाहण्याची एक बैठक होते. ज्याला जे ठाऊक होते त्या मानाने त्याने शक्य तितके चांगलेच केले असे धरून चालावे, असा तिथला संकेत आहे. संकेत उदार आहे. त्या दिवशी मात्र ‘ठाऊक होते’ या शब्दांशी मी अडखळलो. तरुण सहकाऱ्याने काही न बोलता फळ्यावर चिठ्ठ्यांशेजारी एक नवा रकाना आखला: ‘कोणाला कळवले?’

आज सकाळी पाहिले, तर त्या रकान्यात तीन जागा कोऱ्या होत्या. त्यांतल्या दोन माझ्या.