भांडण दोन घरांचं, संमती एकाची

भिगवणमध्ये दारोदार जाऊन ‘इथं लोक मिळूनमिसळून राहतात का?’ असं विचारलं, तर बहुतेक जण म्हणतील, ‘आमच्याकडं तसलं काही नाही.’ उजनीचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कोण पेरणार, हा विषय त्यात येणार नाही. शिवाय २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेत तंटे मिटवणाऱ्या गावांना सरकारनं बक्षिसं दिली. भांडण नाही म्हणण्यात अब्रू आहेच, वर बक्षीसही मिळायचं!

इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेनं २००४-०५ मध्ये देशभरातल्या ४१,५५४ घरांना उत्पन्न, शिक्षण, आरोग्य असं बरंच विचारलं. गावात भांडणं किती, हेही. २०११-१२ मध्ये त्यातली साधारण ८३ टक्के घरं पुन्हा गाठली. या फेरीत अस्पृश्यतेचा प्रश्न दोन पायऱ्यांत होता. घरात कुणी पाळतं का? ‘नाही’ म्हणालात, तर दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? दोन्ही मिळून साधारण २७ टक्के घरांनी कबुली दिली. दुसरा प्रश्न नसता तर हा आकडा खाली आला असता. हे डिझाइन मला फार आवडतं.

पण इथं घर स्वतःबद्दल बोलतं. भांडणाचं तसं नाही. ‘चुलत्याशी बांधावरून बोलणं बंद आहे’ असं मी सांगितलं, तर संमती माझी आणि गोष्ट चुलत्याचीही. नाव काढून टाकलं म्हणून काय झालं? छोट्या गावात जात, धंदा आणि किती भाऊ एवढ्यावर घर ओळखता येतं.

शिवाय भावकी अशी भांडणं विसरून मिटवते. वर्षानुवर्षं अबोला असतो, मग एखाद्या मयताला दोघं खांदा देतात आणि विषय संपतो. माफी कुणी मागत नाही. डेटाबेसमध्ये मात्र तो बांध तारखेसकट तसाच राहतो.

अर्थात ‘झालं गेलं’ म्हणणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्याला हॉटेलात वेगळ्या कपात चहा मिळाला, त्याच्यासाठी ती नोंद पुरावा आहे. ती पुसायचा सल्ला मी देणार नाही.

म्हणून मी असा सर्व्हे बांधला, तर समोरच्या घराचा आयडी जोडणारा कॉलमच ठेवणार नाही. कशावरून झालं, बोलणं सुरू आहे का, मिटवायला कुणाकडं गेलात, एवढंच. जातीवरून अडवलं असेल तर अडवणाऱ्याची जात लिहायची, घर नाही. संशोधक म्हणतील, मग दोन्ही बाजू पडताळायच्या कशा? नाही पडताळता येणार. तेवढं नुकसान मला मान्य आहे.

दुसऱ्या फेरीत मागचं उत्तर वाचून दाखवून ‘अजून तसंच आहे का?’ विचारण्याची सोयीस्कर पद्धत असते. भांडणाच्या प्रश्नाला ती वापरायची नाही. सात वर्षांपूर्वी सासऱ्यांनी सांगितलेलं असतं, आता दारात सून उभी असते.