पिकलेलं पडवळ



रोजच्या वाचनात सध्या ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय चालू आहे. ज्ञानाची लक्षणं सांगताना गीतेत एक शब्द येतो, 'जरा'. म्हणजे म्हातारपण. गीतेत तो एवढाच. माउली मात्र तिथे थांबतात आणि ओव्यांमागून ओव्या सांगत जातात. आज कमळाच्या पाकळीशी भांडणारे डोळे उद्या पिकलेल्या पडवळासारखे होतील, म्हणतात. आणि हे सांगणाऱ्याचं वय काय? शके १२१२ मध्ये जेमतेम पंधरा-सोळा! त्यांना स्वतःला तर म्हातारपण आलंच नाही. तरी ज्ञानी माणूस तरुणपणीच म्हातारपणाकडे नीट बघून ठेवतो, हे ते सांगून गेले.

हे वाचलं आणि पोथी मिटून ठेवली. कारण समोर आई दिसायला लागली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. वयाची ५८ पूर्ण झाली, मे महिन्यात रिटायर झाली. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं रीतसर. जूनमध्ये तिने जवळच्या एका क्लासमध्ये फोन केला. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, आम्हाला यंग स्टाफ हवाय." म्हणजे ३१ मेपर्यंत जिला चाळीस मुलं आवरत होती, तिला १ जूनपासून येईनात? मी जाम भडकलो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "वॉचमनच्या दोन मुलींना गणित शिकवू का रे? खाली क्लबहाऊसमध्ये." आणि मी काय बोललो? "कशाला आता दगदग? आराम कर. लोक म्हणतील, मुलगा आयटीत आणि आई शिकवण्या घेत फिरते. आणि पिल्लूला कोण बघणार?"

आराम कर आणि पिल्लूला बघ, एका दमात! त्यातली विसंगती तेव्हा कळलीसुद्धा नाही. आई काही न बोलता कणीक मळायला गेली.

याच अध्यायात ज्ञानाचं पहिलं लक्षण आहे अमानित्व, मानाची हाव नसणं. आपण ते सोयीने घरातल्या म्हाताऱ्यांना ऐकवतो. "आता तुम्हाला काय करायचंय, हरी हरी करा." अरे, मान सोडायचा तो ज्याचा त्याने. दुसऱ्याचा काढून घ्यायला माउलींनी कुठे सांगितलंय? क्लासवाल्यांनी निदान फोनवर स्पष्ट सांगितलं. मी तेच प्रेमाच्या भाषेत सांगितलं, आणि प्रेमाशी भांडता येत नाही.

आज सकाळी चहा घेताना आईला म्हटलं, "त्या मुलींचं बघ ना. संध्याकाळी पिल्लूला मी सांभाळतो."

तिने चष्म्यावरून बघितलं. "विचारतोयस की परवानगी देतोयस?"

मी गप्प.

"मंगळवार आणि शुक्रवार, सहा ते साडेसात," ती म्हणाली. "आणि त्या वेळात दूध कुठे, डायपर कुठे, असले फोन करायचे नाहीत."

रामकृष्ण हरी.