खाटेखालची चटई

दसऱ्याच्या आगेमागे आमच्या हिंगणघाटकडे पऱ्हाटी फुटते. कापसाच्या पहिल्या वेच्याआधी सीतादही करतात, वावरात दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि मग बाया ओट्या बांधून कामाला लागतात. काही वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीच्या वावरात सीतादही झालं, तेव्हा ती तिथं नव्हती. सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर निघाला होता आणि त्याला घेऊन ती मुंबईत होती. वेचा सासूबाईंनी सांभाळला. नऊ वर्षांची थोरली आजीजवळ राहिली. जावई जिनिंगमध्ये कामाला, आणि जिनिंगचा हंगाम नेमका तेव्हाच. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस इकडे, असं त्यांचं सुरू झालं.

दिवाळीनंतर मी भेटायला गेलो. पोराच्या खाटेखाली गुंडाळलेली चटई होती, स्टीलचा डबा होता आणि दोन गाठी मारलेल्या पिशवीत फाइल. पहाटे झाडूपोछा सुरू व्हायच्या आत चटई गुंडाळायची, ती रात्री दिवे मालवल्यावरच पुन्हा उलगडायची. दिवसभर पोराच्या पायाशी टेकून बसायचं. दहावीला शाळा सुटलेली माझी बहीण रिपोर्ट हातात आला की आधी पांढऱ्या पेशींचा आकडा शोधायची. ‘काउंट पडले,’ एवढंच म्हणायची. शेजारच्या खाटेवरच्या बिहारच्या बाईला तो कागद वाचायला तिनंच शिकवलं, मोडक्यातोडक्या हिंदीत.

गावात लोक विचारत, ‘सुट्टी झाली म्हणता, मग पोराला घरी काहून आणत नाही?’ या प्रश्नात या आजाराची सगळी अडचण आहे. मुलांच्या ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि पहिले काही महिने सगळ्यात बिकट. औषधांनी पांढऱ्या पेशी इतक्या उतरतात की साधा ताप आला तरी काही तासांत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटर. म्हणून खाट सुटली तरी गाव गाठता येत नाही. रुग्णालयाजवळ कुठंतरी राहावंच लागतं, आणि हे ‘कुठंतरी’ कोणाच्याच हिशेबात नसतं.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेने गरिबांच्या घरावरचं केवढं ओझं उतरवलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यात खाट आहे, औषधं आहेत, रुग्णाचं जेवण आहे, परतीचं एकवेळचं भाडंही आहे. पण आईच्या ताटाचा, तिच्या झोपण्याचा, बापाच्या बुडालेल्या रोजीचा रकाना त्यात नाही. रेल्वे मात्र हे ओळखते. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपरचं तिकीट माफ आहे आणि सोबत्याला त्याच डब्यात ७५ टक्के सवलत आहे. आजारी माणूस एकटा प्रवास करत नाही, हे तिथं कोणीतरी नियमात लिहून ठेवलं. स्टेशनावर उतरल्यावर हा सोबती पुन्हा कागदावरून नाहीसा होतो.

त्याची किंमत मुलंच मोजतात. उपचार अर्धवट टाकून घरी परतणं, हे गरीब देशांतल्या बालकॅन्सरमधल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये २००९च्या सुमाराला असे उपचार सोडणारे जवळजवळ २० टक्के होते. राहणं, जेवण, पैसा, समुपदेशन यांची नीट व्यवस्था लावल्यावर ते ५ टक्क्यांच्या आत आले. खोली आणि जेवणसुद्धा इथं औषधाइतकीच कामाला आली. सेंट ज्यूड्स ही संस्था २००६पासून अशा कुटुंबांना विनामूल्य खोल्या देते, तीही याच जाणिवेतून.

आमच्या विदर्भातल्या एका माणसाला हे फार आधी उमगलं होतं. शेंडगावचे गाडगेबाबा. पंढरपूर, नाशिक, आळंदी इथं त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या हे सगळे सांगतात. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळही त्यांनी धर्मशाळा उभी केली. ही गोष्ट मला त्यांच्या खराट्याहून मोठी वाटते. दवाखान्याच्या दारातल्या माणसालाही त्यांनी यात्रेकरूच मानलं. आज दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात.

विलायतेत उलटं होतं. तिथं आईबापांना वॉर्डात ठरावीक वेळीच सोडत. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दवाखान्यात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट केला, तो बघून डॉक्टर अस्वस्थ झाले. १९५९च्या प्लॅट समितीने सांगितलं की आईबापांना भेटायला मुक्त वाव द्या, लहान मुलाजवळ आईला राहू द्या. आपल्याकडे आई पहिल्यापासून जवळ आहे. औषध आणायला, रक्ताच्या बाटलीसाठी धावायला, लघवीचं भांडं द्यायला ती लागते म्हणून आहे. तिच्या असण्यावर आपली रुग्णालयं चालतात आणि तिच्यासाठी एक बाकडंही धड नसतं, याचा मला राग येतो.

हिंगणघाटला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व्हावं म्हणून गाव रस्त्यावर उतरलं. ती मागणी माझीही होती. सेवाग्रामचं रुग्णालय जवळ, नागपूर ७५ किलोमीटरवर, तरी घराजवळच्या खाटेचं मोल ज्याचं मूल आजारी पडलं त्याला विचारावं. मात्र अशा इमारतीचा नकाशा निघतो तेव्हा खाटांचा आकडा ठरतो, विद्यार्थ्यांचा ठरतो. खाटेजवळच्या माणसांचाही ठरला पाहिजे, आणि तो ठरवताना माझ्या बहिणीसारख्या बायांना बोलवायला हवं.

पोरगा आता शाळेत जातो. मी तिला विचारलं, तुला बोलावलं तर काय मागशील? तिला फार विचार करावा लागला नाही.

‘डबा धुवाले नळ पाहिजे. कपडे वाळवाले दोरी.’ मग जरा वेळानं म्हणाली, ‘अन् थोरलीले एक दिवस तरी आत येऊ द्या म्हणा. पाच महिने तिनं भाऊ पाहिला नोयता.’