प्रसादातील मिरची



निपाणी-संकेश्वर भागात मिरचीवाचून भाकरीचा घास उतरत नाही. परंतु १२व्या शतकात कल्याणास बसवण्णांच्या दासोहात मिरची नव्हतीच! मूळ अमेरिकेतील हे फळ पोर्तुगीजांनी १६व्या शतकात इकडे आणले. तोवर तिखट ते मिरे, संस्कृतात मरीच. तेच नाव या पाहुणीस मिळाले.

रोजच्या ताटातले एवढे ठाऊक नसते, तर नित्य अंगावरील इष्टलिंगाविषयी आपण काय विचारले आहे? अनुभव मंटपात अल्लमप्रभूंनी अक्कमहादेवींनाही प्रश्न केले. तेथे प्रश्न उद्धटपणा नव्हता, साधना होती.

म्हणून लेकराने ‘असे का?’ विचारल्यास त्याला गप्प करू नका. उत्तर ठाऊक नसल्यास त्याच्यासह शोधा. जिज्ञासा विझली की भक्तीची नुसती सवय उरते.